जुन्या पिकअपच्या इंजिनाचे भाग कसे शोधायचे: आमच्या एफसी-१५० वरून

दिवे घाट चढताना आमची महिंद्रा एफसी-१५० एकाएकी बंद पडली. धूर नाही, खडखडाट नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण इतकं हलकं की आत काही दाबलंच जात नाहीये हे कानाला कळत होतं. हडपसरहून मिस्त्रीचाचा आले. त्यांनी दोन सीटांमधलं इंजिनावरचं झाकण उचललं, डेल्कोची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी काढली आणि मला म्हणाले, "बेटा, एकदाच सेल्फ मार." मी मारला. आतला रोटर जागचा हलला नाही. "कॅम गिअर गेला. आता सेल्फला हात लावू नको, ऑइल पंपपण फिरत नाहीये."

घरी आणून पुढचं कव्हर उघडलं. कॅम गिअर म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंगचा गिअर. आमच्या फायबरच्या गिअरचे सलग नऊ दात मुळापासून सोलून निघाले होते. ऑइल चेंबरमध्ये तपकिरी भुगा साचलेला, आणि ऑइल ओढणाऱ्या तरंगत्या जाळीवर त्याचा चहाच्या चोथ्यासारखा लगदा.

तो एक गिअर मिळायला चार महिने लागले. अप्पांनी ही गाडी १९८३ साली जुनी घेतली होती, सासवडहून अंजीर आणि सीताफळाच्या पाट्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायला. गाडी १९६९ ची. मी भोसरीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, त्यामुळे दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. भाग शोधताना ओळखीपाळखीपेक्षा या सवयीचा जास्त उपयोग झाला. गिअरनंतर पिस्टन, मेटल (क्रँक ज्यात फिरतो त्या बेरिंगच्या वाट्या), वॉल्व्ह, पॅकिंग असं एकेक करत गेल्या तीन वर्षांत सगळं इंजिन पुन्हा बांधलं. तुमच्याकडे अशी पिकअप असेल, किंवा गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभी असेल, तर हे उपयोगी पडेल.

गाडीचं नाव सांगू नका, इंजिनाचं सांगा

सुरुवातीला मी नाना पेठेत दुकानादुकानात "एफसी-१५० चा कॅम गिअर आहे का?" असं विचारत फिरले. अकरा दुकानांत मान हलली. बाराव्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "म्हणजे इंजिन कुठलं, ताई? जीप पेट्रोल?" मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग जीप पेट्रोलचा टायमिंग गिअर म्हणा की. पिकअप म्हटलं की पोरं नाहीच म्हणणार."

गाडी दुर्मीळ असली तरी इंजिन तेवढं दुर्मीळ नसतं. एफसी-१५० अमेरिकेत विलिजने १९५६ च्या अखेरीस आणली आणि महिंद्राने आपल्याकडे १९६५ पासून बनवली. तिच्यातलं इंजिन मात्र विलिजचं हरिकेन एफ-१३४. हेच इंजिन सीजे-३बी जीपमध्ये होतं, सीजे-५ मध्ये होतं, आणि जपानमध्ये मित्सुबिशीने परवान्यावर जेएच४ या नावाने बनवलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.१२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ४.३७५ इंच, क्षमता २१९९ सीसी. म्हणजे शोधाचं क्षेत्र एकदम काही शे पिकअपवरून हजारो जीपपर्यंत जातं. इंजिनाच्या आतलं जवळजवळ सगळं जीपचंच चालतं. एफसीचं वेगळं असतं ते बाहेरचं: एक्सिलरेटरच्या दांड्या, एअर क्लीनर, रेडिएटर. ते शोधणं खरोखर अवघड आहे, त्यामुळे गाडी उघडताना या वस्तू कुणाच्याही गॅरेजच्या कोपऱ्यात पडू देऊ नका.

पण आधी आपल्या गाडीत आज कुठलं इंजिन आहे ते डोळ्यांनी बघा. पन्नास वर्षांत काहीही झालेलं असू शकतं. हेडवरच कार्बुरेटर बसलेला असेल आणि इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला असेल, तर ते एफ-हेड. यात इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. हेड सपाट तव्यासारखं असेल आणि दोन्ही मॅनिफोल्ड बाजूला असतील, तर ते त्याआधीचं एल-हेड. दोघांचे खालचे काही भाग एकमेकांना चालतात, वरचे अजिबात नाहीत. डिझेलचा पंप आणि नोझलच्या नळ्या दिसल्या, तर कुणीतरी मधल्या काळात इंजिनच बदललंय. महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं एक्सडीपी ४.९० (९० बाय ८३ मिलिमीटर, २११२ सीसी) अशा गाड्यांत बऱ्याचदा दिसतं. त्याचा शोध अगदी वेगळा आणि तुलनेने सोपा. इथून पुढे मी फक्त पेट्रोल एफ-हेडबद्दल लिहितेय.

इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या तोंडाला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने तो स्वच्छ करा, त्यावर खडू घासा, फोटो काढा. नंबराजवळ एखादं इंग्रजी अक्षर असेल तर तेही टिपा. विलिजच्या पद्धतीत 'ए' म्हणजे क्रँकच्या मेन आणि बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या टोकाची) मेटल कारखान्यातूनच दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज, 'बी' म्हणजे बोअर दहा थाऊ ओव्हरसाइज, आणि 'एबी' म्हणजे दोन्ही. हे माहीत नसताना "स्टँडर्ड" माल आणला की पैसे वाया.

माप हीच खरी ओळख

दुकानदाराला जुना भाग दाखवला की काम होतं, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. जुना भाग झिजलेला असतो आणि आधीच्या कुणीतरी बदललेलाही असू शकतो. म्हणून भाग हातात ठेवा, पण वहीत माप लिहा.

एक उदाहरण सविस्तर देते. आमच्या क्रँकच्या बिग एंड जर्नलचं (मेटलमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचं) माप मी घरी शून्य-एक इंच नव्हे तर एक-दोन इंचाच्या मायक्रोमीटरने घेतलं. प्रत्येक जर्नलवर चार ठिकाणी: पुढे, मागे, आणि त्याच दोन जागांवर नव्वद अंश फिरवून. कारखान्याचं मूळ माप १.९३७५ इंच. आमचं आलं १.९१७ च्या आसपास, म्हणजे आधीच वीस थाऊ ग्राइंड झालेलं. त्यातही तिसऱ्या जर्नलला दोन थाऊची अंडाकृती झीज. म्हणजे आता ते तीस थाऊवर घासावं लागणार आणि मेटलही तीस थाऊ अंडरसाइजच शोधावी लागणार. काढलेल्या मेटलच्या पाठीवर "०२०" ठोकलेलं होतंच. कुणी नुसतं ते बघून वीस थाऊची मेटल मागवली असती, तर ग्राइंडिंगनंतर ती ढिली बसली असती.

त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी माप, मग मेटल कुठल्या साइजची मिळतेय याची खात्री, मेटल हातात, आणि मगच क्रँक ग्राइंडिंगला. उलटं केलं तर तीस थाऊची मेटल बाजारात नाही आणि क्रँक मात्र तीसवर घासलेला, अशी अडचण होते. पिस्टनचंही तेच. दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ ओव्हरसाइज ही नेहमीची मापं, पण आज यातलं कुठलं मिळतं यावर बोअर किती करायचा ते ठरवा. आम्हाला तीसचा संच मिळाला, म्हणून बोअरिंगवाल्याला चारही पिस्टन आधी दिले आणि पिस्टन मोजूनच बोअर करायला सांगितलं. बोअर चाळीसच्याही पलीकडे गेला असेल तर ब्लॉक टाकायची गरज नाही, लायनर बसवून पुन्हा स्टँडर्डवर आणता येतो.

दिल्ली-लुधियानाकडचे दुकानदार अंडरसाइज मिलिमीटरमध्ये सांगतात: पंचवीस म्हणजे ०.२५ मिलिमीटर, म्हणजे साधारण दहा थाऊ. पन्नास म्हणजे वीस थाऊ. फोनवर "पच्चीस है" ऐकून पंचवीस थाऊ समजू नका. बोलताना एकक दोनदा विचारा.

रिंगा घेतल्यावर प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने बघा. या इंजिनाला .००७ ते .०१७ इंच हवी. पिस्टनचा संच वेगवेगळ्या खोक्यांतून जमवलेला असेल तर चारही पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. आमच्या सासवडच्या सराफांनी हे आनंदाने करून दिलं.

हेड काढण्याआधी हे वाचा

भाग शोधण्याच्या लेखात हे का, असं वाटेल. आम्हाला एक अख्खं हेड शोधावं लागलं ते यामुळे. खूप वर्षांपूर्वी अप्पांनी पॅकिंग बदलायला गाडी एका गॅरेजात दिली होती. तिथल्या पोराने दिसतील ते सगळे बोल्ट काढले, हेड निघेना म्हणून कडेला पहार घातली आणि हेडचा कोपरा तडकवला. एफ-हेडचा एक बोल्ट कार्बुरेटरच्या खाली, इनटेकच्या तोंडात आत लपलेला असतो. कार्बुरेटर उतरवून बॅटरी मारून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. नवीन मिस्त्रीकडे गाडी देताना मी आता त्या जागी पिवळ्या रंगाचा ठिपका करून ठेवते आणि स्वतः उभी राहते. तडा वेल्डिंगने भरला होता, पण तिथून पाणी झिरपायचं ते शेवटपर्यंत थांबलं नाही.

जुनं हेडचं पॅकिंग खरवडताना ते आधी भिजवा. त्या काळच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. कोरडं घासलं की त्याचे तंतू श्वासातून आत जातात. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका.

पुण्यात आणि पुण्याबाहेर कुठे जायचं

नाना पेठेतून सुरुवात करा, पण सामान विकत घेण्यापेक्षा माणसं शोधायला. नवीन मुलं कॉम्प्युटरवर नाव टाकतात आणि नाही म्हणतात. ज्या दुकानात साठीच्या पुढचा माणूस बसतो तिथे थांबा, गर्दी ओसरू द्या. तिथून मला इंडिया पिस्टन कंपनीचा जुना संच कुणाकडे असू शकतो, बायमेटल कंपनीची मेटल कोण मागवून देतो, असे धागे मिळाले. डेल्कोचे पॉइंट, कंडेन्सर, टोपी, प्लग, फॅनबेल्ट, वॉटर पंपाची बेरिंग या गोष्टी इथेच मिळतात. कॉर्क शीट आणि ऑइल पेपरही इथलाच. चेंबर, टायमिंग कव्हर, वॉटर पंप यांची पॅकिंग त्यातून हाताने कापता येतात. हेडचं पॅकिंग कापून चालत नाही, ते बनवलेलंच आणावं लागतं.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे मेटल-पिस्टन शोधत बसू नका. तिथे कार्बुरेटरची बॉडी, डेल्कोचा रिकामा सांगाडा, एसी पंपाचं (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचं) खोकं, इंची पाने आणि कधीकधी उत्तम मायक्रोमीटर मिळतो. सकाळी लवकर जा. चिखली-कुदळवाडीची भंगार गोदामं मात्र २०२५ च्या फेब्रुवारीतल्या महापालिकेच्या कारवाईत पडली. तिथले बरेच लोक पांगले. तुमच्याकडे कुणाचा नंबर असेल तर एकदा फोन करून बघा, माल घेऊन ते कुठेतरी असतीलच.

पण आमचा गिअर पुण्यात मिळाला नाही. फलटणला मिळाला.

यामागे एक साधा हिशेब आहे. जीपचा माल कुठे साठला असेल? जिथे जीप सर्वांत जास्त चालल्या तिथे. पूर्वी फलटण, दहिवडी, बारामती, शिरूर, जुन्नर या पट्ट्यात वडापच्या जीपा चालायच्या. साखर कारखान्यांच्या, पाटबंधारे खात्याच्या, पंचायत समितीच्या जीपाही तिकडेच. त्या तालुक्याच्या गावांत एस. टी. स्टँडजवळ एखादं तरी स्पेअर पार्टचं दुकान असायचं. जीपा गेल्या, दुकानात आता दुचाकीचे ब्रेक शू आणि ऑइलचे डबे असतात, पण माळ्यावर न विकलेला माल तसाच पडलेला असतो, कारण तो टाकायला कुणाला वेळ नाही. मी दर दुसऱ्या शनिवारी एक गाव घेतलं. दुकानात जाऊन आधी काहीतरी लागणारी वस्तू विकत घ्यायची, मग जुना गिअर काउंटरवर ठेवायचा. फलटणच्या दुकानातल्या काकांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि मुलाला म्हणाले, "शिडी लाव." माळ्यावरून दोन गिअर खाली आले, तेलाच्या कागदात गुंडाळलेले.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, हरियाणात डबवाली, चेन्नईत पुदुपेट्टै ही जीपच्या मालाची मोठी ठिकाणं. डबवालीला उघड्या जीपा बांधण्याचा धंदाच आहे, त्यामुळे तिथे बॉडीचं सामान भरपूर. सैन्याच्या निकामी गाड्यांचे लिलाव एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या संकेतस्थळावर होतात, पण तिथे लॉट मोठे असतात. एका गिअरसाठी तो मार्ग नाही, आठ-दहा जण मिळून घेणार असाल तर आहे. अमेरिकेतून या इंजिनाचे बहुतेक भाग आजही नवीन मिळतात. मात्र वाहतूक आणि जकात धरून हिशेब करा. मी तिकडून फक्त हेडचं पॅकिंग आणि एक्झॉस्ट वॉल्व्हचे रोटेटर मागवले, कारण ते हलके आहेत.

फोनवरून माल मागवताना

दिल्लीच्या एका दुकानदाराकडून हेडचं पॅकिंग मागवलं होतं. फोटो बरोबर वाटला, आगाऊ पैसे पाठवले, आठवड्याने पार्सल आलं. उघडलं तर एल-हेडचं. साडेचार हजार गेले आणि तो माणूस पुन्हा फोन उचलेना. त्यानंतर मी एक नियम केला. वस्तूचा फोटो मागायचा तो तिच्यावर व्हर्नियर धरून, आकडा वाचता येईल असा, आणि शेजारी चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहून. ज्याच्याकडे खरोखर वस्तू आहे त्याला हे करायला दोन मिनिटं लागतात. पॅकिंग असेल तर ते वर्तमानपत्रावर ठेवून सगळी भोकं दिसतील असा सरळ वरून फोटो घ्यायला सांगायचं. मग आपल्या जुन्या पॅकिंगचा तसाच फोटो काढून भोकं मोजायची. ट्रान्सपोर्टने येणार असेल तर बिल्टीचा फोटो आल्यावरच उरलेले पैसे.

जुन्या पाकिटावर पार्ट नंबर असेल तर तो जपा. वस्तू न मिळता नुसतं पाकीट मिळालं तरी उपयोग होतो, कारण तोच नंबर पुढच्या दुकानात सांगता येतो.

गिअर कसा पारखला

दोन गिअरपैकी बसवायचा कुठला ते कसं ठरवलं, त्याची कथा थोडी लांब सांगते, कारण हीच पद्धत कुठल्याही भागाला लागू होते.

पहिलं म्हणजे दात मोजले. कॅम गिअरचे दात क्रँक गिअरच्या बरोबर दुप्पट असलेच पाहिजेत. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, तिथे एक दात इकडेतिकडे चालत नाही. मग दातांचा तिरकेपणा: जुना गिअर आणि नवा गिअर पालथे-सुलटे न करता शेजारी ठेवले, दोन्हीचा कल एकाच दिशेला हवा. मधल्या लोखंडी हबचं भोक, चावीची (गिअर शाफ्टवर पक्का धरणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच, आणि टायमिंगचा ठिपका आहे ना हे बघितलं. पहिल्या गिअरवर ठिपका होता पण चावीची खाच किंचित रुंद होती, कुणीतरी बसवून काढलेला वाटला.

दुसऱ्याची खाच कोरी होती. तो हबला धरून उचलला आणि लाकडी मुठीने फायबरच्या कड्यावर हलके टकटक केलं. आवाज सगळीकडे सारखा, घट्ट. जिथे फायबर हबपासून सुटलेलं असतं तिथे भदाडल्यासारखा आवाज येतो. भिंगातून हब आणि फायबर जिथे जुळतात ती गोल रेघ बघितली, केसासारखी चीर नव्हती. शेवटी बाहेरचा व्यास सहा ठिकाणी मोजला. माळ्यावरच्या दमटीने फायबर फुगतं आणि गिअर गोल राहत नाही. फरक दोन थाऊच्या आत होता. काकांनी अठ्ठावीसशे रुपये सांगितले, मी ते दिले. पहिलाही घेतला, त्याच्या रुंद खाचेला पायरीची चावी बनवून तो जपून ठेवलाय.

बसवताना फायबरवर हातोडी नको, जोर फक्त हबवर. आणि कॅमशाफ्टवरही ठोकू नका. शाफ्ट मागे सरकला तर ब्लॉकच्या मागचं झाकण सुटतं आणि ऑइल गळायला लागतं. दोन्ही गिअरचे ठिपके समोरासमोर आणा. ऑइल पंप काढला असेल तर डेल्को त्याच्याच शाफ्टवर फिरतो हे लक्षात ठेवा. पंप एक दात चुकला की टायमिंग चुकलं. फायरिंगचा क्रम १-३-४-२. थंड इंजिनवर टॅपेटची फट इनटेकला अठरा थाऊ, एक्झॉस्टला सोळा.

आणि फायबरच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा गिअर मिळाला तर? चालतो, आवाज वाढतो. अप्पांना तो आवाज नको होता. अजिबातच मिळाला नसता तर मी भोसरीतच हायलमच्या (राळेत दाबून बनवलेल्या कडक पाटीच्या) जाड तुकड्यातून गिअर कापून घेणार होते. हॉबिंग करणाऱ्याला, म्हणजे गिअरचे दात कापणाऱ्याला, जुना गिअर, जोडीचा क्रँक गिअर आणि दोन्ही शाफ्टमधलं अंतर या तिन्ही गोष्टी द्या. तुटक्या गिअरवरून नुसता अंदाज काढायला सांगू नका. वॉटर पंपाची बॉडी किंवा मॅनिफोल्डसारखं ओतीव काम असेल तर कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्र्यांत विचारा. एकच नग म्हटलं की नाही म्हणतात. चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून पाच नग सांगितले तर पॅटर्नचा खर्च वाटला जातो.

जुना माल घेऊ नये असे भाग

न वापरलेला जुना माल म्हटलं की मन लगेच तयार होतं. लोखंड, मेटल, पिस्टन, वॉल्व्ह, गिअर, गंज नसेल तर जरूर घ्या. रबर कधीच घेऊ नका, मूळ पाकिटातलं सीलबंद असलं तरी. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, ऑइल सील, होज पाइप, सगळं आजचं घ्या. त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. साठच्या दशकातल्या रबराने इथेनॉल कधी बघितलेलं नाही. आम्ही जुना डायफ्राम बसवला होता, तो तीन महिन्यांत फाटला आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये गेलं. ऑइलला वास आला म्हणून कळलं, नाहीतर नवी मेटल धुऊन निघाली असती. डायफ्राम घेताना इथेनॉलला चालणारा आहे ना हे स्पष्ट विचारा.

एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटबद्दलही तसंच. शिशाचं पेट्रोल देशभर १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्या शिशाचा सीटला जो आधार होता तो गेला. ब्लॉक मशीन शॉपमध्ये आहेच तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या.

ब्लॉक बदलायची वेळ आली तर

शक्यतो बदलू नका. इंजिन नंबर आरसी बुकात असतो, ब्लॉक बदलला की आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. त्या ब्लॉकची खरेदीची कागदं नसतील तर तिथेच अडतं. दुसरं कारण म्हणजे पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी २०२१ साली आलेली विंटेज नोंदणी, 'व्हीए' मालिकेचा नंबर आणि वीस हजार रुपये शुल्क असलेली. तिच्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. ही नोंदणी घेतली की गाडी धंद्याला वापरता येत नाही, त्यामुळे अजून माल वाहणाऱ्यांनी विचार करून ठरवावं. तडकलेला ब्लॉक मेटल स्टिचिंगने, म्हणजे तड्यात धातूच्या पिना बसवून, शिवता येतो, भोसरी-चाकणकडे हे काम करणारे आहेत.

मिळालेलं जपताना

आमच्या घरी आता एक लोखंडी कपाट फक्त या गाडीचं आहे. प्रत्येक वस्तू तेलाच्या कागदात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत. क्रँक आणि कॅम शाफ्ट उभे टांगून, आडवे ठेवले की वाकतात. फायबर गिअर जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता. चिठ्ठीवर माझं मोजलेलं माप, कुठून घेतलं, किती रुपये, तारीख. वही वेगळी, तिचे फोटो माझ्या भावाच्या फोनमध्येही आहेत.

सध्या मी एफसीचा ऑइल बाथ एअर क्लीनर शोधतेय. जीपचा उभा असतो तो इंजिनावरच्या झाकणाखाली मावत नाही, झाकण दीड इंच वरच राहतं. फलटणच्या काकांनी मेहुण्याच्या शेतावर एक एफसी बाभळीखाली उभी असल्याचं सांगितलंय, दहिवडीच्या पुढे. येत्या शनिवारी व्हर्नियर आणि अप्पांना घेऊन निघतेय.